जुन्या लिनक्सवर नवा कंपायलर: पंचवीस वर्षांची एक तडजोड



आज एका ओळीपासून सुरुवात करू. तुमच्यापैकी ज्यांनी संस्थेच्या किंवा ऑफिसच्या जुन्या सर्व्हरवर बाहेरून आणलेला प्रोग्रॅम चालवायचा प्रयत्न केला असेल, त्यांच्या ती ओळखीची असणार. प्रोग्रॅम सुरू करायला जावं, तर पडद्यावर येतं: ‘जीलिबसी २.१४ सापडली नाही’. बस्स, पुढे काही नाही. प्रोग्रॅम बरोबर आहे, मशीन धडधाकट आहे, काल आपल्या लॅपटॉपवर हाच प्रोग्रॅम सुरळीत चालला होता. मग सापडलं नाही ते नेमकं काय? आणि हा २.१४ आकडा आला कुठून?

मागच्या खेपेला प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारलं होतं, ‘हे लोक दहा-दहा वर्षं जुनी लिनक्स का वापरत बसतात, नवी का टाकत नाहीत?’ तेव्हा वेळ संपली होती. आज त्या प्रश्नाला धरूनच बोलू, कारण या दोन्हींचं उत्तर एकाच इतिहासात आहे.

आधी दोन शब्द साफ करून घेऊ. आपण लिहितो तो सोर्स कोड. कंपायलर त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो, ती बायनरी. पण ही बायनरी स्वयंपूर्ण नसते. फाइल उघडणं, मेमरी मागणं, पडद्यावर अक्षर उमटवणं ही कामं ती स्वतः करत नाही. ती सगळी सी भाषेच्या मूळ लायब्ररीत असतात. बहुतेक लिनक्सवर ही लायब्ररी म्हणजे जीलिबसी. मशीनवर तिची एकच प्रत असते आणि सगळे प्रोग्रॅम तीच वापरतात. बायनरीच्या पोटात फक्त एक यादी असते, वाण्याकडे द्यावी तशी: मला हे हवं, ते हवं. प्रोग्रॅम सुरू होताना ही यादी मशीनवरच्या लायब्ररीशी पडताळली जाते. एक वस्तू जरी मिळाली नाही, तरी प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

आता मेख अशी, की ही यादी बनते कंपाइल करताना, आणि ती बनते कंपाइल करणाऱ्या मशीनवरची लायब्ररी पाहून. नव्या मशीनवर बनवलेल्या यादीत नवा माल लिहिलेला असतो. जुन्या दुकानात तो नसतो. उलट दिशेनं मात्र सहसा अडत नाही, कारण जीलिबसी जुना माल कधी फेकून देत नाही. म्हणून या धंद्यातला जुना नियम आहे: जे सगळीकडे चालवायचंय ते जुन्यात जुन्या मशीनवर तयार करा. नियम चांगला आहे, पण जुन्या मशीनवर कंपायलरही जुना, आणि आपला कोड तर नव्या भाषेत लिहिलेला. इथे गाठ बसते. गेली पंचवीस वर्षं लोक हीच गाठ वेगवेगळ्या टोकांनी सोडवत आलेत.

१९९७ साली लिनक्सच्या जगाने जुनी सी लायब्ररी सोडून जीलिबसी २ घेतली. आवृत्तीच्या खुणा वगैरे तेव्हा काही नव्हतं. फाइलचं नावच पाचवरून सहावर गेलं आणि अख्खी सॉफ्टवेअरची रास पुन्हा कंपाइल करावी लागली. ज्यांच्याकडे सोर्स कोड नव्हता त्यांनी दोन्ही लायब्रऱ्या शेजारी शेजारी ठेवून दिवस काढले. हा अनुभव पुन्हा नको, म्हणून १९९९ च्या जीलिबसी २.१ मध्ये एक युक्ती आली. तिची मूळ कल्पना सन कंपनीच्या सोलॅरिसमधली. लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाला आवृत्तीचं लेबल लावायचं. पुढे एखाद्या फंक्शनचं वागणं बदलावंच लागलं, तर जुनं काढायचं नाही. जुन्या लेबलखाली जुनं, नव्या लेबलखाली नवं, दोन्ही एकाच फाइलमध्ये नांदतील. तेव्हापासून त्या फाइलच्या नावातला सहाचा आकडा आजपर्यंत बदललेला नाही. आमच्या मते लिनक्सच्या इतिहासातला हा सर्वांत कमी कौतुक झालेला निर्णय आहे.

आणि याच निर्णयातून ती २.१४ ची ओळ जन्माला आली. कशी ते पाहू.

मेमसीपीवाय नावाचं एक फंक्शन आहे. मेमरीतल्या एका जागेचा मजकूर दुसऱ्या जागी नकलायचा, एवढंच त्याचं काम. जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम ते वापरतो. सी भाषेच्या प्रमाणकानुसार या दोन जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. तशा असतील तर दुसरं फंक्शन वापरायचं. आता २०१० च्या सुमारास इंटेलच्या नव्या प्रोसेसरवर वेग वाढावा म्हणून जीलिबसीच्या लोकांनी मेमसीपीवाय नव्याने लिहिलं. त्यात काही वेळा नक्कल शेवटाकडून सुरुवातीकडे केली जायची. नियमाप्रमाणे यात काहीच चूक नाही. पण फेडोरा १४ मध्ये हे बदल आले आणि लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या: अॅडोबीच्या ६४-बिट फ्लॅश प्लगिनमधून गाणी ऐकताना आवाज फाटतोय, विचित्र चिरके सूर येतायत. शोध घेतल्यावर कळलं, की फ्लॅशमध्ये जागा एकमेकींवर चढत होत्या. इतकी वर्षं नक्कल पुढून मागे जात होती म्हणून ते खपून गेलं होतं.

मग वाद पेटला. एका बाजूचं म्हणणं, चूक अॅडोबीची आहे, त्यांनी दुरुस्त करावी. दुसऱ्या बाजूला खुद्द लिनस टोरवाल्ड्स. त्यांनी त्या तक्रारीच्या धाग्यात उतरून स्वतः चाचण्या केल्या, आणि त्यांचा रोख साधारण असा होता, की प्रमाणकात काय लिहिलंय हे वापरणाऱ्याला सांगून उपयोग नाही. त्याचं चालणारं काहीतरी आपल्या बदलाने मोडलं आहे. आम्हाला विचाराल तर कायद्याने जीलिबसीवाले बरोबर होते आणि व्यवहाराने टोरवाल्ड्स.

तोडगा निघाला तो १९९९ च्या युक्तीतूनच. २०११ च्या जीलिबसी २.१४ मध्ये ६४-बिट इंटेल-एएमडी मशीनसाठी मेमसीपीवायला दुसरं लेबल मिळालं. जुन्या बायनरीला जुन्या लेबलखाली जागा चढल्या तरी चालणारी सुरक्षित नक्कल मिळेल. नव्याने कंपाइल होणाऱ्याला २.१४ च्या लेबलखालची वेगवान. फ्लॅश वाचलं. जुन्या प्रोग्रॅमांना कुणी हात लावला नाही.

पण हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर पडला. फेडोरा १४ आली तो महिना नोव्हेंबर २०१०, आणि त्याच महिन्यात रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ बाजारात आली. तिच्यातली जीलिबसी २.१२. ही सिस्टिम पुढे दहा वर्षं जगणार होती. म्हणजे २०११ नंतर कुठल्याही ताज्या लिनक्सवर साधा चार ओळींचा प्रोग्रॅम कंपाइल केला आणि त्यात मेमसीपीवाय आलं, तर त्याच्या यादीत २.१४ लिहिलं जाणार, आणि तो रेड हॅट ६ वर, तिच्या जुळ्या भावावर म्हणजे सेंटओएस ६ वर, चालणार नाही. सुरुवातीला सांगितलेली ओळ ती हीच. जुन्याला सांभाळायच्या युक्तीनेच नव्याला जुन्याचं दार बंद केलं.

आता त्या प्रश्नाकडे. दहा वर्षं जगणारी सिस्टिम हवी कुणाला?

याची मुळं २००० सालात आहेत. त्या सप्टेंबरमध्ये रेड हॅट लिनक्स ७.० आली, आणि तिच्यात जीसीसी २.९६ नावाचा कंपायलर होता. गंमत अशी, की २.९६ नावाची अधिकृत आवृत्ती जीसीसीने कधी काढलीच नव्हती. रेड हॅटने चालू कामातली एक प्रत उचलून, तिची डागडुजी करून दिली होती. ऑक्टोबरमध्ये जीसीसीच्या सुकाणू समितीला जाहीर करावं लागलं, की हे आमचं प्रकाशन नाही, आणि याने बनवलेल्या सी++ बायनरी मागच्या आवृत्तीशीही जुळणार नाहीत, पुढच्याशीही नाहीत. त्या कंपायलरने लिनक्सचं कर्नलही नीट कंपाइल होत नव्हतं. त्यासाठी डब्यात वेगळा जुना कंपायलर द्यावा लागला, केजीसीसी या नावाने. एकाच सिस्टिममध्ये दोन कंपायलर! रेड हॅटची बाजू अगदीच चूक होती असंही नाही. त्यांना सी++ साठी आणि नव्या प्रोसेसरांसाठी चांगला कंपायलर हवा होता, आणि जीसीसी ३.० यायला २००१ चा जून उजाडला. पण बँका, तेल कंपन्या, प्रयोगशाळा यांनी यातून एक धडा घेतला: दर सहा महिन्यांनी पायाच हलत असेल तर त्यावर इमला बांधता येत नाही. २००२ पासून रेड हॅटने वेगळी, हळू चालणारी एंटरप्राइझ शाखा सुरू केली. तिचं वचन असं: कर्नल, जीलिबसी, कंपायलर यांच्या मुख्य आवृत्त्या गोठवू, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र मागे नेऊन घालत राहू. हे आयुष्य आधी सात वर्षांचं होतं, २०१२ मध्ये दहाचं झालं.

या वचनावर ज्यांनी सर्वांत मोठं घर बांधलं ते कणभौतिकीचे लोक. अमेरिकेतली फर्मिलॅब आणि जिनिव्हाजवळची सर्न या दोघांनी मिळून २००४ मध्ये रेड हॅटच्या सोर्स कोडवरून सायंटिफिक लिनक्स काढली. कारण सरळ आहे. लार्ज हेड्रॉन कोलायडरची मोजमापं एका इमारतीत मावत नाहीत. ती जगभरच्या केंद्रांना वाटली जातात, आणि एकाच विश्लेषणाचे तुकडे वेगवेगळ्या देशांत चालतात. त्यातलं एक केंद्र आपल्या मुंबईत, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. ते सीएमएस या प्रयोगासाठी काम करतं. दुसरं कोलकात्यात, अॅलिस या प्रयोगासाठी. कुलाब्याला आणि जिनिव्हात तोच प्रोग्रॅम तेच उत्तर देईल याची खात्री हवी, तर खालची जमीन सगळीकडे सारखी हवी, आणि ती मधूनच बदलता कामा नये.

जमीन गोठली, पण वरचे लोक थांबले नाहीत. २०११ मध्ये सी++ ची नवी आवृत्ती आली, सी++११. भाषा जवळपास नवीच झाली म्हणा. भौतिकीवाल्यांच्या कोडच्या ओळी लाखांत, आणि त्यांना ही भाषा हवीच होती. त्यांचं रूट नावाचं विश्लेषणाचं साधन २०१४ मध्ये सहाव्या आवृत्तीला गेलं आणि सी++११ समजणारा कंपायलर मागू लागलं, म्हणजे निदान जीसीसी ४.८. आणि गोठलेल्या सहाव्या रेड हॅटमध्ये जीसीसी किती? ४.४.

त्यांनी मग काय केलं? कंपायलरलाच सामानाचा भाग केला. सीएमएसच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती मागताना अजूनही तीन गोष्टी जोडून सांगाव्या लागतात. ‘एसएलसी६, एएमडी६४, जीसीसी४७२’ असं ते लिहितात: कुठली लिनक्स, कुठला प्रोसेसर, कुठला कंपायलर. या नावांची यादी वरून खाली वाचली तर अख्खा इतिहास दिसतो. एसएलसी५ बरोबर जीसीसी ४.३.४, मग त्याच एसएलसी५ बरोबर ४.६.२, मग एसएलसी६ बरोबर ४.७.२, ४.८.१, ५.३. लिनक्स एकदा बदलते आणि कंपायलर तिच्या डोक्यावरून तीन-चार वेळा बदलून जातो. कंपायलर, त्याची लायब्ररी, सगळं एका केवळ-वाचनीय फाइल सिस्टिमवर ठेवलेलं असतं. सर्नचं सीव्हीएमएफएस ते हेच. ती इंटरनेटवरून जगभर दिसते. कुलाब्याच्या मशीनवर काही बसवावंच लागत नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण स्वतःचा कंपायलर आणणं म्हणजे त्याच्याबरोबर त्याची सी++ लायब्ररीही आणणं, आणि ती चालताना प्रत्येक प्रोग्रॅमला सापडली पाहिजे. जीलिबसीला तर हात लावायचाच नाही. हे आम्ही कसं शिकलो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला शिकावं लागणार नाही.

एका संस्थेतल्या सेंटओएस ६ च्या सर्व्हरवर आम्हाला एक तयार प्रोग्रॅम चालवायचा होता. तीच ओळ आली, २.१४. आम्ही हुशारी केली. नवी जीलिबसी स्वतः कंपाइल केली, आणि रूटच्या अधिकाराने सिस्टिमच्या लायब्ररीची लिंक नव्या फाइलकडे वळवली. एंटर दाबलं. मग काय झालं ते पाहायला एलएस लिहिलं. चुकीचा संदेश. सीपी, एमव्ही, एलएन, प्रत्येकाला तोच. कारण प्रोग्रॅम सुरू करून देणारा लोडर आणि जीलिबसी ही जोडी एकत्रच बनलेली असावी लागते. आम्ही जोडी फोडली होती, आणि मशीनवरची झाडून सगळी आज्ञावली याच जोडीवर उभी. नवं लॉगिन होईना. उघडी राहिलेली एकच खिडकी जिवंत होती, कारण तिच्या शेलने आपली लायब्ररी आधीच मेमरीत घेतलेली होती. ती बंद केली असती तर मशीन सीडीवरून उठवावं लागलं असतं. शेजारच्या टेबलावरच्या एका अनुभवी बाईंनी मान वर न करता सांगितलं, ‘एसएलएन आहे का बघा.’ एसएलएन म्हणजे लिंक बनवणारी अशी छोटी आज्ञा, जिच्यात सगळी लायब्ररी आतच भरलेली असते. जीलिबसीबरोबरच ती मिळते. कुणीतरी, कधीतरी, आमच्यासारख्यांसाठीच ती ठेवून दिली होती. एका ओळीत लिंक जागेवर आली. त्या दुपारचा चहा आम्ही पाजला.

या गाठीवरचा सर्वांत देखणा तोडगा मात्र रेड हॅटमध्येच निघाला. २०१२-१३ च्या सुमारास त्यांनी डेव्हलपर टूलसेट नावाचा संच काढला. लोक त्याला डेव्हटूलसेट म्हणतात. त्यात नवा जीसीसी होता, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. सिस्टिमच्या कंपायलरला धक्का नाही. खरी करामत पुढे आहे. कंपायलर सी++ लायब्ररी शोधायला जातो, तेव्हा त्याला एक बायनरी फाइल सापडायला हवी. डेव्हटूलसेटने तिथे ठेवली एक साधी मजकुराची फाइल, दोन-तीन ओळींची. तिच्यात लिंकरला सांगितलेलं: सिस्टिमच्या जुन्या लायब्ररीत जे आहे ते तिथूनच घे, जे तिथे नाही, म्हणजे नव्या भाषेबरोबर आलेलं, ते या दुसऱ्या संग्रहातून काढून थेट बायनरीच्या पोटात भर. त्यामुळे यादीत जुनाच माल राहतो. नव्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम अशा मशीनवर चालतो जिने नव्या कंपायलरचं नावही ऐकलेलं नाही. सर्नने हे संच आपल्या लिनक्ससाठी तयार करून सगळ्यांसाठी खुले ठेवले, आणि पुढे सेंटओएस ७ वर तर जीसीसी ११ पर्यंतचे संच मिळत होते, मूळ ४.८ च्या शेजारी.

एक गोष्ट मात्र यालाही जमली नाही. सी++११ च्या नियमांमुळे स्ट्रिंग या मूलभूत प्रकाराची मेमरीतली मांडणी बदलावी लागली. आधी दोन स्ट्रिंग एकच मजकूर वाटून घेऊ शकत होत्या आणि बदल झाला तरच वेगळ्या होत. नव्या नियमांत ते बसेना. जीसीसीने २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत दोन्ही मांडण्या शेजारी ठेवल्या, पुन्हा लेबलाचीच युक्ती. पण रेड हॅट ६ आणि ७ वरच्या डेव्हटूलसेटला जुन्याच मांडणीवर राहणं भाग होतं. कंपायलर कितीही नवा घ्या, स्ट्रिंग जुनी. तुमच्यातल्या मशीन लर्निंगवाल्यांनी याची झळ सोसली असेल: पायटॉर्चची लिनक्ससाठीची पॅकेजेस वर्षानुवर्षं जुन्या मांडणीवर बनत होती. नव्या मांडणीने बनलेली सी++ लायब्ररी त्यांना जोडायला गेलं की नावं जुळायची नाहीत. हे बदललं २०२५ मध्ये. दहा वर्षं.

पायटॉर्चवरून पायथनकडे येऊ, कारण ‘जुन्यात जुन्या मशीनवर तयार करा’ हा अलिखित नियम लिहून काढला तो त्यांनी. नमपाय, सायपाय यांसारखी पॅकेजेस आतून सी आणि फोरट्रानची. पूर्वी लिनक्सवर ती प्रत्येकाने स्वतः कंपाइल करायची. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्या विद्यार्थ्यांनी हे केलंय त्यांना विचारा. २०१६ च्या पेप ५१३ ने ठरवलं: सेंटओएस ५ हा तळ मानायचा. म्हणजे २००७ सालची सिस्टिम, जीलिबसी २.५, मूळ जीसीसी ४.१. तिच्यावर डेव्हटूलसेटचा ४.८ चढवायचा आणि तिथे बनवलेलं पॅकेज ‘मेनीलिनक्स१’ म्हणून वाटायचं. पुढे सेंटओएस ६ वरचं मेनीलिनक्स२०१०, ७ वरचं मेनीलिनक्स२०१४. शेवटी वर्षाचं नाव टाकून थेट जीलिबसीचा आकडाच नावात घ्यायला लागले, जो मुळात खरा प्रश्न होता. आज कुणी पायथनचं पॅकेज एका आज्ञेत बसवतो, तेव्हा ते बहुधा अशाच एखाद्या मुद्दाम जपलेल्या जुन्या लिनक्सच्या डब्यात शिजलेलं असतं.

मग जमीनच हलली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ एका वर्षात बंद होणार. त्यामुळे अनेक जण ७ वरच थांबले, ‘बघू काय होतं’ म्हणत. तिकडे नवी साधनं तळ वर उचलत होती. एप्रिल २०२२ चं नोड १८ जीलिबसी २.२८ मागू लागलं, आणि सेंटओएस ७ मध्ये होती २.१७. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हीएस कोडचं १.८६ आलं आणि एका सकाळी जगभरच्या कितीतरी लोकांना आपल्या संस्थेच्या सर्व्हरला जोडताच येईना. संपादक लॅपटॉपवर असला तरी त्याचा एक भाग सर्व्हरवर जाऊन चालतो, त्याला २.२८ हवी होती. ओरड इतकी झाली, की काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने जुन्या सिस्टिमींना आणखी वर्षभराची मुदत दिली.

यात चूक कुणाची, यावर आमच्यातच एकमत नाही. आमच्यातले काही म्हणतात, दहा वर्षं जुन्या लायब्ररीचा भार फुकट साधनं देणाऱ्यांनी का वाहावा? पण सर्व्हर बदलायचा अधिकार विद्यार्थ्याच्या हातात नसतो. तो असतो निविदा काढणाऱ्याच्या हातात, आणि निविदा पाच वर्षांनी एकदा निघते. ज्याला नवी लिनक्स टाकता येत नाही, त्यालाच ‘नवी टाका’ सांगितलं जातं, हे आम्हाला तरी पटत नाही. सेंटओएस ७ चं आयुष्य ३० जून २०२४ ला संपलं. ती चालवणारी मशीनं दुसऱ्या दिवशी बंद पडली नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, कंटेनर आहेत ना! जुनी लिनक्स डब्यात बंद करा आणि नव्या मशीनवर चालवा. बरोबर आहे, आणि आज बहुतेक जण तेच करतात. फक्त एक प्रसंग सांगतो आणि थांबतो.

हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ ला झाली. सीएमएसने आपली मोजमापं टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुली केली. २०१२ च्या मोजमापांचा मोठा भाग २०१७ मध्ये आला. म्हणजे साताऱ्याच्या किंवा नांदेडच्या कॉलेजातली मुलगी ती घरी उतरवून घेऊ शकते, आणि चार लेप्टॉनमधून हिग्जचा उंचवटा स्वतः काढून पाहू शकते. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर त्या काळचं, म्हणजे एसएलसी६ वरचं, जीसीसी ४.७.२ ने बनलेलं. ते कंटेनरमध्ये भरून दिलेलं आहे. ती विंडोजच्या लॅपटॉपवर, आतल्या लिनक्समध्ये, कंटेनर सुरू करते. आणि तो उघडताक्षणी मरतो. कसलाही संदेश नाही.

कारण कंटेनरमध्ये जुनी लायब्ररी असते, पण कर्नल बाहेरच्याच मशीनचं, म्हणजे नवंच. जीलिबसी २.१२ वेळ विचारायला कर्नलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर थेट उडी मारते. तो पत्ता प्रत्येक मशीनवर सारखा असायचा, म्हणून हल्लेखोरांना सोयीचा, म्हणून अनेक नव्या लिनक्सनी ते दार बंद केलं. इलाज आहे. कर्नलला सुरू होताना सांगायचं, की ‘व्हीसिस्कॉल’ नावाचं ते जुनं दार नकली का होईना पण उभं कर. विंडोजमध्ये एका छोट्या सेटिंग फाइलमध्ये ही एक ओळ लिहावी लागते, आणि सीएमएसने आपल्या सूचनांमध्ये ती दिलेली आहे. लिहिली, मशीन पुन्हा सुरू केलं, की कंटेनर उघडतो, आणि आत २०१२ सालचा कंपायलर कामाला तयार असतो.

ती ओळ कुठे लिहायची ते ज्यांना करून पाहायचंय त्यांना आत्ता फळ्यावर दाखवतो. तोवर प्रश्न असतील तर मागच्या रांगेपासून घेऊ.